हिज्कीयाच्या बोगद्यात

यरुशलेममधल्या पवित्र कबरेच्या चर्चमध्ये माझं मन लागलं नाही. लांबलचक रांग, धुपाचा दर्प आणि कबरेपाशी गुडघे टेकतो न टेकतो तोच मागच्याचा धक्का. सहा ख्रिस्ती पंथ ते चर्च वाटून घेऊन सांभाळतात आणि दाराची किल्ली पिढ्यान्‌पिढ्या एका मुसलमान घराण्याकडे आहे. हे ऐकून आमच्या मंडळीच्या यात्रेतल्या एक काकू म्हणाल्या, "म्हणजे आपल्या मंडळीसारखंच की!"

दावीदनगरात मात्र मी रमले. जुन्या शहराच्या तटाबाहेर, दक्षिणेकडच्या उतारावर ही जागा आहे आणि पायथ्याशी गीहोनचा झरा. यरुशलेम इथं वसलं ते याच पाण्यावर. पण वेढा पडला तर झरा शत्रूच्या हाती जायची भीती. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला. यहूदाचा राजा हिज्कीया याने गीहोनचं पाणी शहरात वळवल्याची नोंद बायबलातल्या दुसरे राजे आणि दुसरे इतिहास या दोन्ही पुस्तकांत आहे, तीही ओझरती. शब्बाथशाळेत ते वचन आम्हाला कुणी पाठ करायला लावलं नाही. पाठांतराला चमत्कार लागतात, पाणीपुरवठा नाही.

हे पाणी नेणारा, हिज्कीयाचा म्हणतात तो बोगदा ५३३ मीटरांचा, सरळ नव्हे, नागमोडी. सलवार वर खोचून, चपला हातात न घेता पायातच ठेवून उतरलो. सुरुवातीला थंडगार पाणी मांडीपर्यंत आलं, पुढे पोटरीवर उतरलं. रुंदी जेमतेम एका माणसाची. आमचे पाळकसाहेब अंगाने भरलेले, त्यांना जागोजागी तिरकं व्हावं लागलं. १८३८ मध्ये एडवर्ड रॉबिन्सन हा अमेरिकन अभ्यासक इथून गेला, तेव्हा त्याला काही ठिकाणी रांगावं लागलं होतं. आम्ही निदान उभे होतो.

मोबाईलचा उजेड भिंतीवर धरला आणि छिन्नीचे घाव दिसले. एकाला एक लागून, तिरपे, सगळे एकाच दिशेने. माझे आजोबा नगर जिल्ह्यात विहिरी खोदायला जायचे. त्यांच्या एका विहिरीच्या कातळावरही असेच वार होते. बोट ठेवलं की त्या वेळी हात कुठून पडला ते कळतं. निम्म्याच्या आसपास बोगदा घुटमळतो. इकडे वळतो, तिकडे वळतो, मध्येच एखादा फाटा खणून सोडून दिलेला. आणि मग घावांची दिशा उलटते. दोन टोळ्या दोन टोकांकडून कातळ फोडत इथं भेटल्या. एकमेकांच्या आवाजाचा माग काढत त्या आल्या असाव्यात. याच सुमारास मागून कुणीतरी 'उपासना संगीत' या आमच्या गीतपुस्तकातलं गीत सुरू केलं. सूर कोणत्या बाजूने येतोय हे अंधारात सहज कळत होतं, म्हणून मला ते पटलं.

ही भेट त्या कामगारांनीच, किंवा त्यांच्यातल्या कुणी लिहू शकणाऱ्याने, भिंतीवर कोरून ठेवली होती. १८८० मध्ये पाण्यात खेळणाऱ्या एका मुलाला तो लेख दिसला. शेवटचे तीन हात उरले तेव्हा पलीकडच्या माणसाची हाक ऐकू आली, मग कुदळीला कुदळ भिडली आणि पाणी बाराशे हात वाहत गेलं, एवढाच त्याचा आशय. राजाचं नाव नाही, देवाचंही नाही. मला ते फार आवडलं. राजाने कोरवला असता तर आधी स्वतःचं नाव घातलं असतं. पुढे कुणीतरी लेख कापून काढला, त्यात तो फुटला. अमल तुर्कांचा असल्याने तो इस्तंबूलच्या संग्रहालयात गेला, अजून तिथंच आहे.

बोगद्याचा काळ हा वादाचा विषय. गिलाव्यात अडकलेल्या वनस्पतींच्या कार्बन चाचणीवरून २००३ मध्ये तो इ.स.पू. ७०० च्या आसपासचा ठरवला गेला. काही पुरातत्त्वज्ञ त्याला थोडा आधीचा मानतात. हिज्कीयाच्या आजोबांनी खणला असला, तरी माझ्या विश्वासाला तडा जाणार नाही.

बाहेर एक छोटं कुंड आहे. जन्मांध माणसाला प्रभूने जिथं डोळे धुवायला पाठवलं ते शिलोह हेच, असं भाविक शतकानुशतकं मानत आले. २००४ मध्ये सांडपाण्याची वाहिनी दुरुस्त करताना थोड्या अंतरावर रुंद दगडी पायऱ्या लागल्या. प्रभूच्या काळचं तळं ते. गाइडने एवढं समजावूनही आमच्यातल्या दोघींनी छोट्या कुंडातूनच बाटल्या भरल्या.

वर सिलवान, पॅलेस्टिनी वस्ती. खालच्या खोदकामाने घरांना तडे गेल्याची तिथल्या लोकांची तक्रार आहे, आणि दावीदनगर चालवणारी संस्था याच वस्तीत यहुदी कुटुंबं वसवते. तिकीट काढताना हे कुणी सांगत नाही. संध्याकाळी पाळकसाहेबांनी यरुशलेमच्या शांतीसाठी प्रार्थना केली. त्यात सिलवानचं नाव घ्यायला हवं होतं, असं मी जेवताना बोलून दाखवलं. काकूंनी माझी बाजू घेतली, पाळकसाहेबांनी नाही, आणि वाढपी ताटं उचलायला आला तरी वाद चालूच होता.