मायेची गाडी, भरवशाची गाडी

मैत्रिणींनो, घरातली अडगळ काढायची म्हटलं की पुरुषमंडळींना ती नेमकी आपल्या माळ्यावर दिसते. पितळेचे हंडे, लोणच्याच्या बरण्या, लग्नातली ट्रंक! त्यांची स्वतःची जुनी वस्तू मात्र कधी अडगळ नसते, ती ‘ठेवा’ असते. आमच्या परभणीच्या घरातला ठेवा चार चाकांचा आहे. 1984 सालची, दुधी रंगाची प्रीमियर पद्मिनी.

आजच्या मुलींना हे नाव मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीपुरतंच ठाऊक असेल. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेल्या कंपनीची ही गाडी, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होई. मूळची इटलीची फियाट; ‘पद्मिनी’ हे नाव तिला 1974 च्या सुमारास मिळालं. परवान्यांच्या त्या काळात पैसे भरले म्हणून गाडी मिळत नसे, वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. मामंजींनी नंबर लावला तेव्हा आमचे ‘हे’ शाळेत होते. गाडी दारात आली तेव्हा कॉलेजात! मग तिचं कौतुक का नसावं? स्टिअरिंगलगतचा तो गिअरचा दांडा, पुढचं सोफ्यासारखं सलग आसन. लग्नानंतर याच आसनावर बसून मी पहिल्यांदा गंगाखेडला गोदावरीच्या दर्शनाला गेले. पुढे आमच्या दोघांच्या मध्ये आमचा मुलगाही बसू लागला.

पण माया वेगळी आणि वापर वेगळा. डिसेंबरात आपल्याकडे पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, तेव्हा चोक ओढून तिची मनधरणी करावी लागते. आणि मे महिन्यात तर विचारूच नका! इंजिन इतकं तापतं की पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि गाडी जागच्या जागी थांबते. मग पंपावर ओला फडका टाकायचा आणि ती शांत होण्याची वाट पाहायची. तापलेल्या पोराच्या कपाळावर घडी ठेवावी ना, तस्सं!

2000 सालच्या सुमारास ही गाडी निघायची बंद झाली. मुंबईत टॅक्सी धावत होत्या तोवर सुटे भाग कुठून तरी मिळत. 2023 च्या ऑक्टोबरअखेर तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. आता आमचे वयस्कर मेकॅनिककाका एकेका भागासाठी चार ठिकाणी फोन लावतात. त्यात पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं. जुन्या गाड्यांचे रबरी भाग त्यानं लवकर खराब होतात म्हणून तेही बदलून झाले.

हे सगळं हौस म्हणून चाललं होतं तोवर माझी तक्रार नव्हती. पण सासूबाईंना दर पंधरवड्याला नांदेडला तपासणीसाठी न्यावं लागू लागलं. 2023 च्या मे महिन्यात, भर दुपारी दोन वाजता, वसमतच्या अलीकडे गाडी थांबली. दोष गाडीला कसला द्यायचा? तिचं वय आणि आपलं ऊन! पण पिण्याचं पाणी पंपावर ओतलं जात होतं आणि ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाई लिंबाखाली पदरानं वारा घेत होत्या. तिथेच मी मनाशी ठरवलं, आता घरात हा विषय काढायचाच.

विषय काढला तर ‘हे’ म्हणाले, “नवी घेण्यापेक्षा हिचंच इंजिन नव्यानं बांधू, रंग काढू.” मी वही-पेन्सिल घेऊन बसले. आणि गंमत सांगू? हिशेब त्यांच्याच बाजूनं निघाला! आमचा वापर वर्षाला सुमारे तीन हजार किलोमीटर. पद्मिनी लिटरला दहा जाते, नवी अठरा जाईल. म्हणजे वर्षाकाठी वाचलं एकशेतीस-पस्तीस लिटर. परभणीचं पेट्रोल राज्यात महागातलं म्हणून गाजलेलं, तरी पंधरा हजारांच्या वर बचत जात नव्हती. दुरुस्तीचे पंचवीस हजार त्यात मिळवा. आणि नव्या गाडीचा हप्ता? महिन्याला नऊ हजार, वर्षाचे एक लाख आठ हजार! तेव्हा ‘नवी गाडी पैसे वाचवते’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पण वहीत न मावणाऱ्याही काही गोष्टी असतात. आमच्या पद्मिनीला ना मागे पट्टे, ना एअरबॅग. नव्या गाड्यांना 2019 पासून चाकं न अडकणारे ब्रेक आणि 2022 पासून पुढच्या दोघांसाठी एअरबॅग सक्तीच्या आहेत. रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा झाला, तर किल्ली फिरवल्याबरोबर गाडी चालू होईल का, या प्रश्नाची किंमत कोणत्या रकान्यात लिहायची?

शेवटी सासूबाईच बोलल्या. “अरे, एसटीत लोंबकळत माहेरी जावं लागू नये मला, म्हणून तुझ्या वडिलांनी गाडी घेतली होती. मला नीट नेईल ती त्यांचीच गाडी समज की!”

पुढे कुणी काही बोललं नाही. दिवाळीत नवी गाडी आली.

पद्मिनी मात्र विकली नाही. 2024 मध्ये तिची पाच वर्षांची नोंदणी पुन्हा करून घेतली. पूर्वी सहाशे रुपयांत होणाऱ्या कामाला 2022 च्या नियमानुसार तेव्हा पाच हजार लागले, पर्यावरण कर निराळा. पण आता तिचा डबा वेगळा आहे. वर्षाला ठरलेली रक्कम त्यात पडते. ती संपली की पुढच्या वर्षापर्यंत गाडी शेडमध्ये. पन्नास वर्षं झाली की अशा गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद करता येते, 2021 चा नियम आहे. मग मात्र ती रोजच्या कामाला काढायची नाही. म्हणजे सरकारनंही हेच सांगितलं, म्हातारीला मान द्या, कामाला जुंपू नका!

तुमच्याही घरी असा ठेवा असेल, तर भांडू नका. एवढंच विचारा: तिच्यात बसणारं माणूस आजारी, लेकुरवाळं किंवा म्हातारं आहे का? ती जाणणारा मेकॅनिक गावात आहे का, आणि त्याच्यानंतर कोण? तिच्यावरचा खर्च कुणाच्या हौसेतून जातो आणि कुणाच्या भाजीच्या पैशांतून? उत्तरं मिळाली की निर्णय आपोआप होतो. हौसेची गाडी हौसेच्या पैशांवर सुखेनैव राहू द्या. माणसांना नेण्यासाठी मात्र भरवशाची हवी.