तीर्थरूपांची मोटार

पिंपरी येथें १९९५ सालीं मर्सिडीझ-बेंझ ई-२२० जुळविली जाऊं लागली. पुढल्याच वर्षीं तीर्थरूपांनीं घेतलेली ती मोटार आजही आमच्या अंगणांत उभी आहे. समोरच्या कांचेवर वायपर एकच. पण फिरतांना तो कोपऱ्यांकडे लांबतो व मध्यें आखडतो. आमच्या घरांतील दोन पिढ्यांच्या मुलांनीं पावसांत आंत बसून ती गंमत पाहिली आहे.

पुसण्याधुण्यांत आम्हीं कधीं कसूर केली नाहीं. चूक झाली ती पाण्यांत. रेडिएटरमध्यें घालावयाच्या कूलंटऐवजीं आम्ही वर्षानुवर्षें बोअरचें जड पाणीच ओतीत गेलों. चार पैसे वांचले असें तेव्हां वाटलें! क्षार सांचून नळ्या चोंदल्या, आणि गेल्या उन्हाळ्यांत खंबाटकी घाटांत उष्णतेचा कांटा लाल खुणेपर्यंत चढला. मागें पंचाऐंशी वर्षांचे तीर्थरूप बसलेले. त्यांना रस्त्याकडेच्या दगडावर बसवून आम्हीं छत्री दिली. कांहीं न बोलतां ते उठले आणि ती छत्री त्यांनीं मोटारीच्या बॉनेटवर धरली.

दुरुस्तीचा अंदाज मोटारीच्या आजच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक निघाला. "दादा, आतां विकून टाकूं," धाकटे बंधु म्हणाले. हिशेब त्यांचाच बरोबर होता. शिवाय नोंदणीची पांच वर्षांची मुदतही भरत आली होती.

आम्हीं रेडिएटर, थर्मोस्टॅट व सगळ्या रबरी नळ्या बदलून घेतल्या. बंधु आठ दिवस आमच्याशीं बेतानेंच बोलत होते. रविवारीं सकाळीं तीर्थरूप जोडे घालून पायरीवर येऊन बसतात. किल्ली अद्याप त्यांच्याच खिशांत असते.