विलासचं घर

आनंद पटवर्धनची ‘जय भीम कॉम्रेड’ ही फिल्म आपल्यातले बरेच जण गोळीबारासाठी बघतात. ११ जुलै १९९७. घाटकोपरचं रमाबाई आंबेडकर नगर. बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार, आणि जमलेल्या माणसांवर राज्य राखीव पोलिसांच्या गोळ्या. १० जण मेले. हे आपल्याला पाठ आहे.

मला बोलायचंय ते शाहीर विलास घोगरेबद्दल. गोळीबारानंतर चार दिवसांनी मुलुंडच्या झोपडीत त्यानं स्वतःला संपवलं. उभा जन्म डाव्यांच्या मोर्चात गायला, जाताना डोक्याला निळी पट्टी बांधून गेला. ज्या संघटनेसाठी घसा फाडला तिनं त्याला आधीच बाहेर काढलं होतं. कॉम्रेड लोक वर्गावर तासतास बोलायचे, जातीवर आले की घसा बसायचा. विलासला त्या पट्टीतून बोलावं लागलं.

पटवर्धनची नि त्याची ओळख जुनी. झोपड्या पाडण्यावरच्या १९८५ च्या ‘हमारा शहर’मध्ये विलास गातो. तो गेल्यावर हा दोस्त कॅमेरा घेऊन वस्तीत गेला, आणि १४ वर्षं जात राहिला. कोर्टात केस रखडली, तरी हा हटला नाही. २०११ ला फिल्म पुरी झाली.

तुम्ही म्हणाल, दोस्त सवर्ण, कॅमेराही त्याचाच. खरंय. आपल्या शाहिराची गोष्ट दुसऱ्यानं सांगावी हे मलाबी टोचतं. पण दोस्तांनो, आपल्यातल्या किती जणांनी आपल्या शाहिराचं घर बघितलंय? शाहीर आपल्याला लागतो जयंतीला. पब्लिक जमवायला, पुढारी येईस्तोवर वेळ मारून न्यायला. कार्यक्रम आटपला की हातावर वडापाव, शेवटची लोकल त्याची त्यानं गाठायची. घरी चूल पेटली का, कोण विचारतो? पोवाडा मात्र नवा पायजे, दर वर्षी!

फिल्म विचारते. म्हणून ती तीन तासांची झालीय. तिच्यात वस्तीतली घरं आहेत, बायका आहेत, डम्पिंग ग्राऊंडवर कचरा उपसणारे सफाई कामगार आहेत. गाणं कुठून येतं ते दिसतं.

कबीर कला मंचाची पोरंही तिच्यात गातात. फिल्म पुरी होईस्तोवर त्यांना भूमिगत व्हावं लागलं. एप्रिल २०१३ मध्ये शीतल साठे आणि सचिन माळी विधानभवनासमोर हजर झाले. शीतलच्या पोटात बाळ होतं. त्यांच्या बचावासाठी समिती उभी राहिली, तिच्यात पटवर्धन होता.