आधी कक्षा, मग नाव

दरवर्षी एखाद्या तरी वर्तमानपत्रात बातमी येते: अमुक शाळेतल्या मुलांनी लघुग्रह शोधला, आता त्याला नाव देण्याचा मान त्यांचा. मुलांचे काम खरे असते. दुर्बिणीने टिपलेल्या प्रतिमांमध्ये, स्थिर ताऱ्यांमधून सरकणारा अंधुक ठिपका त्यांनीच हेरलेला असतो. पण ठिपका सापडणे आणि नाव मिळणे यांच्यामध्ये काही वर्षांचे गणित असते. लघुग्रहांच्या कक्षा मोजणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे त्या मधल्या वर्षांबद्दल मला आस्था आहे.

नव्या लघुग्रहाला प्रथम फक्त एक तात्पुरता संकेत मिळतो. उदाहरणार्थ, ‘२००६ व्हीपी३२’. साल उघड आहे. पहिले अक्षर पंधरवड्याचे. वर्षाचे चोवीस पंधरवडे, त्यांना रोमन लिपीतली चोवीस अक्षरे. ‘व्ही’ म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. दुसरे अक्षर त्या पंधरवड्यातला क्रम सांगते. ‘आय’ वगळून उरलेली पंचवीस अक्षरे संपली की पुन्हा ‘ए’पासून सुरुवात, आणि अशा किती फेऱ्या झाल्या ते शेवटच्या आकड्यात. बत्तीस फेऱ्यांच्या आठशे नोंदी, वर ‘पी’ हे पंधरावे अक्षर. म्हणजे त्या पंधरा दिवसांतली ही ८१५वी नोंद!

मग वाट पाहायची. लघुग्रह पुन्हा प्रतियुतीत, म्हणजे आकाशात सूर्याच्या विरुद्ध बाजूला, येईल तेव्हा तो भाकीत केलेल्या जागी दिसतो का, हे वर्षामागून वर्षे तपासायचे. निरीक्षणे तुटली तर तो हरवतो. १९११ मध्ये व्हिएन्नात योहान पालिसा यांना सापडलेला ‘आल्बर्ट’ असाच नाहीसा झाला आणि थेट २००० साली पुन्हा हाती लागला. कक्षेची खात्री पटली की कायमचा क्रमांक मिळतो, आणि तेव्हापासून दहा वर्षे नाव सुचवण्याचा हक्क शोधकाचा. आज क्रमांक मिळालेले लघुग्रह आठ लाखांहून अधिक आहेत. नाव लाभलेले त्यांतले पंचवीस हजारांच्या आसपास.

वर सांगितलेल्या संकेताला पुढे ३००१२८ हा क्रमांक मिळाला आणि २०१९ मध्ये नाव मिळाले ‘पंडितजसराज’. पंडितजींचा जन्म २८ जानेवारी १९३०चा. क्रमांकाचे आकडे दोन-दोन करून मागून वाचा. नाव सलग लिहिले आहे, कारण ते शक्यतो एकच शब्द असावे आणि रोमन लिपीत सोळा अक्षरांपलीकडे जाऊ नये, असा नियम आहे. सुचवलेले नाव आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेचा एक कार्यगट तपासतो. राजकारण किंवा युद्धामुळे प्रसिद्ध झालेल्या व्यक्तींना मृत्यूनंतर शंभर वर्षे थांबावे लागते. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो.

आणि नाव विकत मिळत नाही. पूर्वी एकदा तसे घडले होते. पालिसांना १८८६चे खग्रास सूर्यग्रहण पाहायला जायचे होते, पैसे नव्हते. त्यांनी पन्नास पौंडांना नामकरणाचा हक्क देऊ केला. बॅरन आल्बर्ट फॉन रोथशिल्ड यांनी तो घेतला आणि २५०व्या लघुग्रहाला पत्नीचे नाव दिले: ‘बेटिना’. हरवलेला तो ‘आल्बर्ट’ही याच बॅरनच्या नावाचा. आज कोणी पैसे घेऊन आकाशातले नाव विकत असेल, तर त्या प्रमाणपत्राला खगोलशास्त्रात काहीही किंमत नाही.

मला सर्वांत प्रिय आहे ती गुस्टाव्ह श्ट्राके यांची गोष्ट. लघुग्रहांच्या कक्षा मोजण्यात आयुष्य घालवलेल्या या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने आपले नाव कोणत्याही लघुग्रहाला देऊ नये अशी इच्छा सांगितली होती. लघुग्रहांचे शोधक कार्ल राइनमुट यांनी ती पाळली. त्यांनी १२२७ ते १२३४ या आठ लघुग्रहांना वनस्पतींची नावे दिली: जेरॅनियम, स्कॅबिओसा, टिलिया, रायसिया, ऑरिक्युला, कॉर्टुसा, कोब्रेसिया, एलिना. रोमन लिपीतली त्यांची आद्याक्षरे ओळीने वाचली की ‘जी. श्ट्राके’ तयार होते. सहकाऱ्याचा शब्दही राखला गेला आणि त्याचा सन्मानही झाला.

आपल्याकडची परंपराही जुनी आहे. मद्रासच्या वेधशाळेतून नॉर्मन पॉगसन यांनी १८६१ मध्ये लघुग्रह शोधला. आशिया खंडातून लागलेला तो पहिला, म्हणून त्याचे नाव ‘एशिया’. पुढे १९८८ मध्ये तमिळनाडूतल्या कावलूरहून राजमोहन यांनी शोधलेला लघुग्रह ‘रामानुजन’ झाला. कोलंबिया यानाच्या सातही अंतराळवीरांची नावे ओळीने सात लघुग्रहांना आहेत. ५१८२६ हा कल्पना चावलांचा.

तेव्हा पालकांनो, शिक्षकांनो, मुलांच्या प्रमाणपत्रावर ‘तात्पुरता शोध’ असे लिहिले असेल तर हिरमुसू नका. संकेत जपून ठेवा. लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरची नोंदवही सर्वांना खुली आहे. त्यात आपल्या लघुग्रहाची निरीक्षणे वाढत आहेत का, हे मुलांना स्वतः पाहू द्या. आणि उद्या खरोखरच कोणाला हक्क मिळाला, तर मी एक नाव सुचवून ठेवतो: व्यंकटेश बापूजी केतकर. ‘ज्योतिर्गणित’ लिहिणाऱ्या या मराठी गणितज्ञाने नेपच्यूनच्या पलीकडे ग्रह असावेत असे भाकीत १९११ मध्ये, प्लूटो सापडण्याच्या एकोणीस वर्षे आधी, फ्रेंच खगोल संस्थेच्या पत्रिकेत छापले होते. ‘केतकर’ रोमन लिपीत सहा अक्षरांचे आहे. नियमात सहज बसते.