वाळलेला वाफा

झेंडावंदनाआधी सोसायटी चकचकीत दिसावी म्हणून कमिटीने माझा वाफा ‘साफ’ करून घेतला, हे आठवलं की आजही डोक्यात तिडीक जाते. माझा म्हणजे कागदोपत्री सोसायटीचाच. पण पार्किंगमागच्या त्या पट्ट्यातला राडारोडा मी उपसला होता आणि पुण्याच्या काळ्या, चिकट मातीत लाल माती नि शेणखतही मीच कालवलं होतं.

निवृत्तीपर्यंत मी कुंडीला पाणीसुद्धा घातलं नव्हतं. ठरवलं एवढंच, की दरवर्षी रोपं विकत आणायची नाहीत. एकदा लावलेलं वर्षानुवर्षं येत राहिलं पाहिजे. परदेशी व्हिडिओंतलं लव्हेंडर बघून भुरळ पडली होती, पण आमच्या पावसाळ्यात त्याची मुळं कुजतात. मग आईच्या परसात होतं तेच लावलं: सोनटक्का, गुलबक्षी, मे फ्लावर, शेवंती.

शेवंतीने तर मला चकित केलं. थंडीत सगळी फुलली, फक्त कंपाउंडच्या दिव्याखालची हिरवीगार, ठणठणीत आणि कळी एक नाही. तिला फुलायला लांब, अखंड रात्र लागते आणि आमचा दिवा पहाटेपर्यंत जळतो! फुलं संपली की लोक शेवंती उपटून टाकतात. टाकू नये. दांडे छाटावेत, बुडातून येणारे फुटवे पावसाळ्याच्या सुरुवातीला वेगळे करून लावावेत.

बाकीच्यांची तऱ्हा निराळी. मे फ्लावरचा कांदा वळवाच्या सुमारास लाल गोंडा वर काढतो. पानं पावसाळाभर अन्न साठवतात आणि थंडीत पिवळी पडून जातात. सोनटक्का श्रावण-भाद्रपदात घमघमतो, नंतर त्याचे दांडे वाळतात. गड्डे मातीत जिवंत असतात. गुलबक्षी जमिनीलगत कापली तरी जाडजूड मुळातून पुन्हा फुटते. जानेवारीत वाफा भकास दिसतो हे कबूल. पण रिकामा नसतो!

त्या जानेवारीत मी लेकीकडे नाशिकला गेले होते. परत येऊन बघते तर विटांना गेरू फासलेला आणि आत पेटुनियाच्या सरळ ओळी. माळी बिचारा म्हणाला, “काकू, समदं वाळलं होतं. गड्डे निघाले लई, मातीसंगं टेम्पोत गेले.” त्याला काय बोलणार, त्याला सांगितलं तेवढं त्याने केलं. अध्यक्षांकडे गेले. ते टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, “एवढं होतं तर पाटी लावायची ना.” पाटी! स्वतःच्या गाडीच्या जागेवर यांनी कधी पाटी लावली आहे? खाली काय आहे ते दोन मजले चढून विचारायला काय जात होतं? सर्वसाधारण सभेत विषय काढला, तर लिफ्टच्या देखभालीनंतर घेऊ म्हणाले. लिफ्ट संपेपर्यंत निम्मी माणसं जेवायला गेली होती. वाळलं म्हणजे मेलं, या समजाला नर्सऱ्याही हातभार लावतात. फुलावर आलेलं रोप तेवढं पुढे मांडतात. झोपलेला कांदा दाखवून विकायचा कुणी?

आता खरं सांगते. पेटुनिया सुंदर दिसत होत्या. जांभळ्या, पांढऱ्या, गुलाबी. संध्याकाळी चहाचा कप घेऊन मी तिथेच उभी राहायचे आणि माळी आला नाही की पाणीही घालायचे. एप्रिलच्या उन्हात त्या करपल्या, तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता, झाला नाही.

मेअखेरीस विटांच्या कडेला सुटलेल्या एका कांद्याने गोंडा काढला. अध्यक्षांनी त्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला: ‘आपली बाग, आपला अभिमान.’ खाली हात जोडलेल्यांची रांग लागली. मी खरमरीत उत्तर लिहिलं, खोडलं आणि अंगठा दाखवून मोकळी झाले. का, ते मलाही सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी तेच अध्यक्ष विचारत होते, याचा एखादा कांदा त्यांच्या मेहुण्याच्या फार्महाउसला मिळेल का.