मयताशी नाते: पत्नी

१.
चौदाव्या दिवशी जेवणाच्या टेबलावरची फुलं काढली आणि फायली मांडल्या. निळी बँकेची, पिवळी सोसायटीची, नाडीची गावच्या जमिनीची. सगळ्यांत जाड आणि चकचकीत, कव्हरवर समुद्र असलेली, ती सुट्ट्यांची निघाली.

२.
प्रत्येक अर्जात रकाना असतो: मयताशी नाते. पहिल्या अर्जाला पेन थांबलं होतं. अकराव्या अर्जाला मी तो रकाना आधी भरते, मग ह्यांचं नाव.

३.
२००८. मॉलमध्ये एक कूपन भरलं होतं. फोन आला: तुम्हाला बक्षीस लागलंय, न्यायला या, पण जोडीनं. नवरा-बायको दोघंही आलेच पाहिजेत, नाहीतर बक्षीस नाही. हॉटेलच्या हॉलमध्ये गोल टेबलं, प्रत्येक टेबलाशी एक टायवाला मुलगा, आणि दर दहा मिनिटांनी कुठल्या तरी टेबलावर टाळ्या. टाळ्या म्हणजे कोणीतरी घेतलं. आमच्या टेबलावर टाळ्या वाजल्या तेव्हा साडेनऊ होऊन गेले होते आणि मला भूक लागली होती. बक्षीस सहा वाट्यांचं. त्यातल्या चार अजून आहेत.

४.
घेतलं म्हणजे काय घेतलं? पंचवीस वर्षं, दर वर्षी सात रात्री. युरोपात ही टाइमशेअरची कल्पना १९६० च्या दशकात निघाली. १९७४ साली अमेरिकेत आरसीआय ही कंपनी सुरू झाली आणि आपला आठवडा देऊन दुसऱ्याचा घ्यायची सोय झाली. तिकडे काही ठिकाणी खोलीचा आठवडा रीतसर खरेदीखतानं विकतात. आपल्याकडे बहुतेक वेळा विकतात तो नुसता राहण्याचा हक्क. करार असतो, सातबारा नसतो. हे मला सतरा वर्षांनी, कराराचं नववं पान वाचताना कळलं. हे मात्र लोकांना कायम सांगायचे, "आमचं महाबळेश्वरला आहे."

५.
आठवड्यांना रंग असतात. लाल म्हणजे सगळ्यांना हवे ते दिवस, निळा म्हणजे कोणालाच नको ते. आमचा मधला, पांढरा. मेमध्ये फोन केला की जागा नाही. जुलैत महाबळेश्वर केव्हाही. एकदा गेलो. चार दिवस खिडकीपलीकडे काय आहे ते दिसलं नाही. ह्यांचं म्हणणं, दरी आहे.

६.
मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचं कारण नसतं. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातच तसं आहे, दाखल्यात कारण उघड करायचं नाही. भेटायला आलेला प्रत्येक जण पहिलं तेच विचारतो.

७.
नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. ती हॉस्पिटलनं केली होती. क्षेत्रीय कार्यालयातल्या बाईंनी विचारलं, "किती प्रती?"
"पाच."
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "ताई, पंधरा घ्या."
पंधरा घेतल्या. आज एक उरली आहे.

८.
सुट्ट्यांच्या कंपनीचा फोन.
"सर आहेत का? मेंबरशिप सरांच्या नावावर आहे, सरांशीच बोलावं लागेल."
"ते वारले."
"ओके मॅम. सरांच्या रजिस्टर्ड नंबरवर एक ओटीपी आला असेल, तो सांगता का?"

९.
ह्यांच्या फोनचा रिचार्ज केला. दुकानदार म्हणाला, "अठ्ठावीस दिवसांचा की चौऱ्याऐंशी?" अठ्ठावीसचा केला. पुढच्या महिन्यात पुन्हा अठ्ठावीसचा. तिसऱ्यांदा चौऱ्याऐंशीचा.

१०.
दाखल्यावर पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. कंपनीच्या कार्डावर दोन आद्याक्षरं आणि आडनाव. बँकेत इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक एच जास्त. गावच्या सातबाऱ्यावर बाळासाहेब. हे चौघं म्हणजे एकच इसम, असं प्रतिज्ञापत्र मी केलं. 'इसम' हा नोटरीचा शब्द. ह्यांना आवडला असता.

११.
स्टँप व्हेंडरकडे शंभराचा मुद्रांक मागितला. तो हसला. १४ ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या कामांना पाचशेचा लागतो. पाचशेचा घेतला. त्यानं विचारलं, "नाव कोणाचं टाकू?"

१२.
सोसायटीत मी नॉमिनी, म्हणून कायद्यानं तूर्त तात्पुरती सभासद. या फ्लॅटमध्ये १९९६ पासून राहते.

१३.
बँकेतलं सगळ्यांत जुनं खातं १९८४ चं, लग्नाआधीचं. नॉमिनी: आई. ते बदलायचं राहून गेलं. एका दिवाळीत आम्ही दोघांनी बसून सोफ्याचं कापड बदललं होतं, पडदे बदलले होते.

१४.
नॉमिनी म्हणजे मालक, असं मी धरून चालले होते. तसं नाही. नॉमिनीच्या हाती पैसे दिले की बँक मोकळी होते, पुढे कोणाचं किती ते वारसाहक्काचा कायदा सांगतो. १४ डिसेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं शेअर आणि म्युच्युअल फंडांबद्दलही हेच सांगितलं. दावा साळगावकर कुटुंबातला, जयंतरावांच्या मागे राहिलेल्या मालमत्तेचा. वकील हे समजावत होते तेव्हा त्यांच्या मागच्या भिंतीवर कालनिर्णय होतं.

१५.
वारस दाखला वेगळा आणि उत्तराधिकार प्रमाणपत्र वेगळं. दुसरं १९२५ च्या कायद्याचं, येणी आणि शेअर यांच्यासाठी. पहिला मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या रेग्युलेशनखाली अजूनही मिळतो. १८२७ म्हणजे जोतिराव फुल्यांचं जन्मवर्ष. वकिलांना हे सांगितलं. ते म्हणाले, "फी मात्र आजची."

१६.
मृत्युपत्र नाही. म्हणजे हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६. पहिल्या वर्गाचे वारस आमच्या घरात चार: बायको, मुलगा, मुलगी आणि आई. हिस्से सारखे. सासऱ्यांचा नंबर, ते असते तरी, दुसऱ्या वर्गात लागला असता. सासूबाई ८९ वर्षांच्या आहेत.

१७.
वर्षाला सात रात्री, चार वारस. प्रत्येकी पावणेदोन रात्री.

१८.
सासूबाईंना सांगितलं. "मला कुठं जायचंय आता महाबळेश्वरला? सही कुठं करायची ते दाखव." सही केली, सावकाश, रेघेवर, शाळेत शिकवल्यासारखी. पेनाचं टोपण स्वतः लावलं. मग म्हणाल्या, "ह्याच्या वडलांच्या वेळी तलाठी घरी आला होता. नोंद घातली, चहा घेतला, गेला."

१९.
ती नोंद काढून पाहिली. जुना फेरफार, वळणदार अक्षर. मुलांची नावं कब्जेदार म्हणून. सासूबाईंचं नाव 'इतर हक्क' या रकान्यात. तिथेच विहिरीचं पाणी आणि सोसायटीचं कर्ज.

२०.
लेक टोरांटोला. फ्लॅटच्या हक्कसोडपत्रासाठी तिचं कुलमुखत्यारपत्र हवं. कॅनडात ११ जानेवारी २०२४ पासून अपोस्टिल चालतं, त्यामुळे वकिलातीची खेप वाचली. आता नोटरी, मग अपोस्टिल, मग कुरिअर. कागद महाराष्ट्रात पोचला की तीन महिन्यांच्या आत इथलं मुद्रांक शुल्क. ती स्वतः ३१ तासांत आली होती. तिच्या सहीला ३४ दिवस लागले.

२१.
सोसायटीची पावती आता 'श्रीमती' नावानं येते. वाण्याच्या वहीतसुद्धा बदललं. कंपनीचं बिल अजून 'श्री. व सौ.'. देखभाल शुल्क, अधिक १८ टक्के जीएसटी.

२२.
मी गणित शिकवलं, बत्तीस वर्षं. सवय जात नाही. सदस्यत्वाचे २,४०,०००. सतरा वर्षांचं देखभाल शुल्क मिळून २,५५,०००. एकूण ४,९५,०००. राहिलो त्या रात्री ४१. एका रात्रीला बारा हजार त्र्याहत्तर रुपये. नाश्ता धरलेला नाही, तो वेगळा होता.

२३.
पितृपक्षात ह्यांच्या फोनवर मेसेज: वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! या महिन्यात या, केक आमच्यातर्फे. त्याच सकाळी गुरुजींचा: भरणी श्राद्धाला काळे तीळ आणून ठेवा.

२४.
तीन वाटा आहेत. मेंबरशिप माझ्या नावावर करणं, त्याची फी. तिसऱ्याला विकणं, त्याचीही फी आणि गिऱ्हाईक आपण शोधायचं. सोडून देणं, त्यात परत काही नाही आणि मागची बाकी आधी भरायची.

२५.
एका माणसाचा फोन. माझी मेंबरशिप विकून देतो, गिऱ्हाईक तयार आहे, आधी रजिस्ट्रेशनचे साडेनऊ हजार भरा. ह्यांचं नाव, मेंबरशिपचा नंबर, रंग, सगळं त्याला ठाऊक. "सरांचं कळलं, वाईट वाटलं," असंही म्हणाला. पेपरात आम्ही काही दिलं नव्हतं.

२६.
वारसाकडे मालमत्ता येते तसं मयताचं देणंही येतं, पण हाती आलेल्या मालमत्तेपुरतंच. पदरचं घालायची सक्ती नाही. वसुलीच्या मुलाला हे शांतपणे सांगितलं. तो म्हणाला, "मॅम, मी वरती विचारून सांगतो." म्हटलं, वरती विचारणार असशील तर लॉकरची दुसरी किल्ली कुठे ठेवलीय तेही विचार.

२७.
किल्ली सापडली. चार वाट्यांपैकी एकीत, जुन्या बटणांखाली.

२८.
सुट्ट्यांच्या फायलीच्या शेवटच्या पानावर ह्यांच्या अक्षरात, पेन्सिलीनं: '२०२६ मनाली? गुडघे.' प्रश्नचिन्ह ह्यांचं. गुडघे माझे.

२९.
सोडायचं ठरवलं. मुलगा म्हणाला, "आई, अजून आठ वर्षं आहेत, छप्पन्न रात्री." गणित बरोबर आहे त्याचं.

३०.
पत्र रजिस्टर एडीनं पाठवावं म्हणून पोस्टात गेले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "रजिस्टर आता नाही, स्पीड पोस्टात विलीन झालं. पोचपावती मात्र मिळेल." विलीन हा शब्द मी जूनपासून बऱ्याचदा ऐकला होता. पोचपावतीचं पहिल्यांदाच कोणी बोललं.

३१.
कंपनीचा उलट अर्ज आला. सदस्यत्व सोडण्याचे कारण, एकावर खूण करा: (अ) आर्थिक अडचण, (आ) स्थलांतर, (इ) सेवेबाबत असमाधान, (ई) इतर.
'इतर'वर खूण केली. पुढे लिहायला अर्धी ओळ सोडलेली होती.

३२.
१ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवींना चारपर्यंत नॉमिनी देता येतात, प्रत्येकाच्या टक्क्यांसकट. माझ्या खात्याला दोन दिले, पन्नास-पन्नास. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, अजून दोन जागा आहेत." रिकाम्या राहू दे म्हटलं. घरी येऊन मृत्युपत्राचा कच्चा मसुदा केला. दीड पान झालं. त्यात सुट्ट्या नाहीत.

३३.
सासूबाईंच्या खात्याचा नॉमिनी पाहिला. हे. आईच्या खात्याला मुलगा, मुलाच्या खात्याला आई. बँकेतून फॉर्म आणलाय. त्यांना अजून दाखवलेला नाही.

३४.
नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. ह्यांच्या दाखल्याच्या झेरॉक्स ज्या दुकानात काढल्या, तिथंच जीवन प्रमाणचं यंत्र आहे. रांगेत माझ्यापुढे सहा जण, सगळ्यांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत आधार. दुकानदार सवयीनं म्हणाला, "काकू, आज कुठला, काकांचा?" नाही, माझा. अंगठा दोनदा लागला नाही. भांडी घासून रेषा गेल्यात म्हणाला. तिसऱ्यांदा लागला. मी हयात असल्याचा मेसेज आला, माझ्या फोनवर. ह्यांच्या फोनचे चौऱ्याऐंशी दिवस शनिवारी संपतात.