डबीवर काय लिहिलंय?

भाचीचं लग्न ठरल्यापासून पुण्याच्या काकू, सांगलीची नणंद आणि दोन-तीन लिहित्या मैत्रिणी एकच प्रश्न विचारताहेत, "कुठल्या स्किन क्लिनिकमध्ये नेलीस गं तिला?" प्रत्येकीला फोनवर वेगळं सांगत बसण्यापेक्षा इथे एकदाच सविस्तर लिहिते. क्लिनिकचं नाव मात्र सांगणार नाही. एक चांगलं नाव हातात मिळालं की आपण पुढे काही बघतच नाही, आणि मला तर बघायचं काय त्याबद्दलच लिहायचंय.

आमचं गडमुडशिंगी कोल्हापूरला जवळजवळ चिकटलेलं. एका अंगाला उजळाईवाडीचा विमानतळ, दुसऱ्या अंगाला गांधीनगरची कापडपेठ, जवळच गोकुळ शिरगावची एमआयडीसी. फौंड्रीत भट्टीसमोर उभं राहणाऱ्याला घामाने नायटा, आणि उन्हात भांगलणीला जाणाऱ्या बाईच्या गालावर वांग, हे इथलं नेहमीचंच. त्यावरचा उपाय म्हणजे मेडिकलमध्ये जाऊन "खाजेची ट्यूब द्या". त्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, बुरशी मात्र आत पसरतच राहते. सरकारने २०१८ मध्ये अशी चौदा स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. आमच्याकडे अजून कुणी चिठ्ठी मागितलेली मी तरी पाहिली नाही!

तर अशा गावातून आम्ही तिघी (बहीण, भाची आणि मी) कोल्हापुरात गेलो. पहिलं क्लिनिक अगदी चकाचक. एसी, काचेची दारं, भिंतीवर गोऱ्यापान बायकांचे फोटो. एका गोड बोलणाऱ्या मुलीने 'ब्रायडल पॅकेज'चा तक्ता पुढे ठेवला. डॉक्टर कुठे आहेत विचारलं तर "मॅडम प्रोसिजरमध्ये आहेत" हे उत्तर. ते तीनदा मिळालं. भाचीला पूर्वी काय औषधं चालू होती, कशाची ॲलर्जी आहे का, हे कुणी विचारलं नाही. लग्नाची तारीख तेवढी विचारली, तीही हप्ते बसवायला.

ती तारीख डॉक्टरने विचारायला हवी, आणि का ते दुसऱ्या ठिकाणी कळलं. मुरुमं जास्त असली की आयसोट्रेटिनॉइन नावाच्या गोळ्या देतात. गोळी चांगली आहे, पण ती चालू असताना आणि बंद केल्यावर निदान महिनाभर दिवस राहता कामा नयेत. बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. आणि आपल्याकडे लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून 'गोड बातमी' विचारायला सुरुवात! दुसऱ्या डॉक्टरीण बाईंनी भाचीला आम्हा दोघींना बाहेर बसवून हे सगळं विचारलं. बहिणीला ते अजिबात आवडलं नाही. मला मात्र तिथेच बाईंबद्दल भरवसा वाटला.

त्यांचं क्लिनिक साधंच. दोन तास ताटकळलो, पंखा कुरकुरत होता, पावती मागून घ्यावी लागली. पण रजिस्ट्रेशन नंबर पाटीवर होता. (असा नंबर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर तपासता येतो. मी तपासला. आगाऊपणा म्हणा हवं तर.)

लेझरचं त्यांनी छान समजावलं. हा प्रकाश केसातला काळा रंग शोधत जातो, पण आपल्या सावळ्या कातडीतही तोच रंग असतो. गोऱ्या कातडीसाठी लावलेला जोर आपल्यावर मारला तर केसाआधी कातडीच भाजते, आणि मागे काळे डाग राहतात. म्हणून अंगावर एका लपलेल्या जागी आधी छोटी चाचणी घ्यायची, काही दिवस थांबायचं. नुकतं ऊन लागलेलं असेल तर करायचंच नाही. चष्म्याचं तर मला माहीतच नव्हतं. मशीनच्या प्रकाशाची लांबी, म्हणजे ८१० किंवा १०६४ नॅनोमीटर अशी, चष्म्यावर छापलेली असते आणि ती मशीनशी जुळली पाहिजे. नुसता काळा गॉगल चालत नाही.

चेहऱ्यावर फिरवायचा सुयांचा रोलर असतो, तो एका माणसाला एकदाच. "गरम पाण्यातून काढलाय" हे उत्तर आलं तर उठून यायचं. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या एका विनापरवाना स्पामध्ये स्वतःचंच रक्त सुयांनी चेहऱ्यात टोचायचा प्रकार चालायचा. तिथे गेलेल्या काही बायकांना एचआयव्हीची लागण झाली, तिथल्या सीडीसीने २०२४ मध्ये त्याचा अहवाल दिला. आपल्याकडे २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे वापरलेल्या सुया पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात जायला हव्यात. खोलीत शिरल्यावर तो डबा दिसतो का, एवढं तर कुणालाही बघता येतं.

आपणच का बघायचं, असं नणंदेने विचारलंच. बरोबर आहे तिचं. पण २०१० चा केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही, आणि आपला १९४९ चा नर्सिंग होम कायदा पेशंट दाखल करून घेणाऱ्यांसाठी. खाटच नसलेलं छोटं क्लिनिक दोन्हीच्या मधून निसटतं. एनएबीएचचं मानांकन क्लिनिकलाही मिळतं, पण ते ज्याला हवं त्याने घ्यायचं. उरतो आपण. आणि आपल्याला डॉक्टरला प्रश्न विचारायचा म्हणजे उद्धटपणा वाटतो. बाजारात वांगी दाबून बघणारी माझी बहीण त्या काचेच्या खोलीत नुसती मान हलवत होती.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या क्लिनिकमधून निघताना बहिणीने साडेसहाशेला एक अशा क्रीमच्या दोन डब्या घेतल्या. एक नवरीला आणि एक स्वतःला, वांगासाठी. पांढरी प्लॅस्टिकची डबी, झाकणावर पेनाने 'नाइट' लिहिलेलं. बाकी काही नाही. उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, मुदत, घटक, यातलं एकही नाही. कॉस्मेटिक्सवर हे सगळं छापावं लागतं. विचारलं तर म्हणे, "आमच्याकडे खास बनवून घेतो."

मला लगेच अकोला आठवलं. २०२३ च्या सुरुवातीला बातमी होती. तिथल्या एका कॉलेजात जाणाऱ्या मुलीने ब्युटिशियनकडून गोरं होण्याचं क्रीम घेतलं. आई आणि बहीणही तेच लावू लागल्या. तिघींचीही मूत्रपिंडं बिघडली. मुंबईच्या केईएममध्ये क्रीम तपासलं तर त्यात पाराच पारा. पारा कातडीचा रंग तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा खरंच उजळतो आणि म्हणूनच बायकांचा विश्वास बसतो. तो कातडीतून आत जातो आणि मूत्रपिंडात साठतो. केरळात मलप्पुरमकडेही २०२१ ते २०२३ च्या दरम्यान असेच रुग्ण सापडले. नियमाप्रमाणे क्रीममध्ये पारा घालायचाच नाही, नकळत आलाच तर दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त नको.

बहिणीच्या डबीत पारा आहे असं मी म्हणत नाही. स्टेरॉइड असेल, नुसतं मलमही असेल. कुणाला ठाऊक? डबीवर लिहिलेलंच नाही, अडचण तीच आहे.

भाचीने तिची डबी त्याच रात्री कचऱ्यात टाकली. बहीण मात्र तीन आठवडे लावत होती. "अगं, फरक पडतोय की!" हे तिचं म्हणणं, आणि पडतही होता, गाल उजळले होते. पायावर सूज येते का, लघवीला फेस येतो का, हे मी रोज विचारायचे. ती चिडायची. शेवटी डॉक्टरीण बाईंनीच तिला समजावून लघवीतल्या प्रोटीनची तपासणी करायला लावली. रिपोर्ट नॉर्मल आला. बाईंनी क्रीम बंद करायला सांगितलं, महिन्याने पुन्हा तपासणी सांगितली, आणि वांगासाठी आधी सनस्क्रीन आणि डोक्यावर पदर.

क्रीम बंद आहे, असं ती सांगते. डबी अजून कपाटात आहे. टाक म्हटलं तर म्हणाली, "साडेसहाशे मोजलेत ताई, तुला काय जातंय!"